वाटणी झालेली होडी

कोकणात दोन भावांनी मिळून काही विकत घेऊ नये, असं म्हणतात. घ्यायचंच झालं तर जन्मतःच वाटणी झालेलं असावं. त्या दृष्टीने शिडाची कॅटमरान ही आदर्श मालमत्ता आहे. एकासारख्या एक दोन हुल, त्यांना जोडणारं मधलं माजघर, वर एकच डोलकाठी आणि सामायिक शीड. उजवी हुल दादाची, डावी माझी. स्वयंपाक आणि भांडणं मधल्या माजघरात. रत्नागिरीच्या घराचा सातबारा अजून आठ नावांचं ओझं वाहतो आहे. होडीची वाटणी मात्र साच्यातच उरकली.

दादा मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाला. उभी नोकरी जहाजाच्या पोटात इंजिनाशेजारी गेली, त्यामुळे समुद्रावर राहूनही त्याने समुद्र तसा फारसा पाहिलेलाच नाही. आता त्याला तो वरून, आणि इंजिन बंद ठेवून बघायचा आहे. माझे पैसे बँकेत सुखाने झोपले होते. त्यांना त्याने उठवलं.

तर आम्ही गोव्यात मांडवीच्या काठी होडी बघायला गेलो. दादा, वहिनी आणि मी. वाटेत दादाने पलीकडचं दिवाडी बेट दाखवलं. ‘म्हादेई’ ही शिडाची होडी तिथे बांधली. 2009 साली ती नौदलाकडे गेली, आणि त्याच वर्षी नौदलाचे दिलीप दोंदे तिच्यातून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, 2010 च्या मे महिन्यात परत आले. छप्पन्न फुटी होडी, आराखडा डच, बांधणारे रत्नाकर दांडेकर. हे सगळं दादा अशा थाटात सांगत होता, की आपलीही होडी त्याच नदीचं पाणी पिणार म्हणजे अर्धी प्रदक्षिणा झाल्यातच जमा. “आपल्याला कुठवर जायचंय?” असं वहिनीने विचारलं. “सध्या मालवण,” दादा म्हणाला.

पत्र्याची उंच शेड. रेझिनचा वास आधी डोळ्यांना लागतो, मग नाकाला. समोर जे काही होतं त्याला होडी म्हणायला श्रद्धा हवी. डावी हुल साच्यातून निघून लाकडी घोड्यांवर बसली होती, पण आतून पोकळ आणि खरखरीत. उजवी अजून साच्यात. म्हणजे माझी आधी झाली. हे मी मोठ्याने बोललो नाही. दादाच्या चेहऱ्यावर ते दिसलंच.

होडी बाहेरून आत बांधतात, हे मला माहीत नव्हतं. साचा आधी घासूनपुसून आरशासारखा करायचा, हुल पुढे सुटून यावी म्हणून त्याला मेण लावायचं, आणि त्यावर पहिला हात जेलकोटचा. म्हणजे जी चकाकी लोकांना सगळ्यात शेवटी दिसणार, ती सगळ्यात आधी. मग काचेच्या धाग्याचं कापड, त्यावर फोमच्या लाद्या, पुन्हा कापड. हे सगळं कोरडंच रचायचं. वरून प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. मग नळ्या उघडल्या की रेझिन त्या पोकळीत आपणहून शिरतं.

उजव्या हुलचं नेमकं हेच चाललं होतं. प्लास्टिकखाली एक ओली, गडद रेघ कोरड्या कापडावरून पुढे सरकत होती, आणि शेडमधली सगळी माणसं तिच्याकडे बघत उभी होती. कुणी बोलत नव्हतं. एकाने बोटाने दाखवलं, दुसऱ्याने एक नळी चिमटली. रेझिन आवळायच्या आत ती रेघ शेवटच्या काठापर्यंत पोचलीच पाहिजे. मध्येच थांबून चहा प्यायची सोय नाही. कुठे हवा शिरली तर तेवढा तुकडा कायमचा अधू. दादा पंपापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याचा आवाज ऐकत राहिला. इंजिन रूममध्ये तो असाच उभा राहत असणार. इतक्या वर्षांत मला त्याची नोकरी पहिल्यांदा दिसली.

रेघ पोचली. मग सगळे एकदम बोलायला लागले.

आमची होडी बांधणारे मेस्त वेंगुर्ल्याकडचे. त्यांच्या आज्यापणज्यांनी उलांडीच्या होड्या बांधल्या होत्या. होडीच्या एका अंगाला लाकडाचा लांब ओंडका बांधला की ती सहसा पालथी होत नाही, हे कोकणच्या किनाऱ्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. मेस्तांच्या मते आमच्या होडीत काही नवीन नाही. उलांडीच वाढत वाढत होडीएवढी झाली, इतकंच.

एका हुलच्या शिडाच्या होडीला पोटाखाली जड कणा असतो. वाऱ्याने ती कलते आणि ते वजन तिला पुन्हा सरळ करतं. कॅटमरानला ते वजनच नाही. दोन हुलांमधल्या अंतराच्या जोरावर ती उभी राहते, त्यामुळे फारशी कलत नाही, आणि उथळ खाडीतही शिरते. दोन भाऊ जितके लांब तितकी होडी स्थिर, हे आमच्या आईला फार आधी कळलं होतं. तिने एकाला जहाजावर धाडलं, दुसऱ्याला पुण्याला. वेगाचं म्हणाल तर 1876 साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथॅनिएल हेरशॉफने ‘अमॅरिलिस’ नावाची अशीच दोन हुलांची होडी उतरवली. तिने बाकीच्यांची इतकी फजिती केली की तक्रारी झाल्या, आणि असल्या होड्यांना साध्या होड्यांशी शर्यत लावायची बंदी झाली. हरलेल्यांची भाऊबंदकी सगळीकडे सारखीच.

वहिनीने पर्समधून यादी काढली. पाच लिटरचा कुकर, तांदळाचा डबा, देव्हारा, सहाण, खोबऱ्यासाठी विळी. मेस्त प्रत्येक वस्तूला मान हलवत गेले. “वयनी, ह्या होडयेत वजन म्हणजे वैरी.” जड झाली की ती पाण्यात खाली बसते, मग मधल्या डेकच्या बुडावर लाटा थडाथड आपटायला लागतात आणि झोप लागत नाही. सहाण गेली. विळीवर तडजोड झाली. दादाच्या पुस्तकांविषयी मात्र मेस्तांनी सोयीस्कर मौन पाळलं, हे वहिनीने टिपून ठेवलं.

मग ती शिडी चढून माझ्या हुलमध्ये डोकावली. “ही खिडकी एवढी खाली का? पाण्याला लागूनच?”

“समुद्र जवळून दिसावा म्हणून,” दादा घाईने म्हणाला.

मेस्त प्रामाणिक गृहस्थ. “होडी उलाटली तर भायर येवक,” ते म्हणाले.

वहिनीने दादाकडे पाहिलं. चहा सांडणार नाही एवढ्या एका आश्वासनावर तिने होकार दिला होता.

“पण बुडाची नाय,” मेस्तांनी धीर दिला. “आत फोम आसा. उलटी झाली तरी तरंगतली.” ती आपणहून पुन्हा सरळ होत नाही, हे सांगायचं त्यांनी टाळलं, पण वहिनीला ते विचारण्याआधीच कळलं होतं.

तिने पर्स माझ्याकडे दिली, पदर खोचला, आणि त्या चौकटीतून सरळ पलीकडे निघाली. “मला होते,” ती म्हणाली. “आता तुम्ही या.”

दादाचे हात आणि डोकं आलं. पोट हुलमध्येच राहिलं. आम्ही दोघांनी पाय धरून त्याला परत आत ओढलं.

“एक नंबर मोठी गावता,” मेस्त मापं घेत म्हणाले, “पण वजन वाढतला.”

“नको,” वहिनी म्हणाली. “हीच राहू दे. वजन यांचंच कमी करू.” आणि यादीतल्या तांदळाच्या डब्यावर तिने काट मारली.