छत्रीवाला

चूक माझीच. ‘शोलेसारखा आहे’ असं मी म्हणायलाच नको होतं.

जालन्यात एप्रिल महिन्यात माणसं गच्चीवर जमवायची तर तीनच निमित्तं चालतात : कुरडया घालायच्यात, टँकरचं पाणी वरच्या टाकीत चढलं का ते बघायचंय, नाहीतर पिक्चर आहे. पुण्याला शिकणाऱ्या भाच्यानं पेनड्राइव्हमध्ये ‘एल तोपो’ आणला होता. “मामा, कल्ट आहे,” एवढंच म्हणाला. कल्ट म्हणजे काय, हे तेव्हाच विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी दिवसभर रोलिंग मिलच्या ऑफिसात सळईच्या टनांचे हिशेब लिहिणारा माणूस. संध्याकाळी भाच्यानं अडाणी ठरवलेलं मला खपत नाही. “हो हो, ऐकून आहे,” म्हणालो आणि सगळ्यांना सांगत सुटलो : घोडे आहेत, वाळवंट आहे, धाडधाड गोळ्या आहेत. शोलेसारखा.

लग्नाच्या शूटिंगवाल्या पोराकडून प्रोजेक्टर आणला, पाण्याच्या टाकीवर पांढरा पलंगपोस ताणला. प्रेक्षक : आत्या, बायको, अंबड तालुक्यातून आलेला मेव्हणा, शेजारचे बियाण्यांचे दुकानदार शेटजी आणि माझे चुलत सासरे, म्हणजे बुवा. बुवा जांब समर्थच्या बाजूचे, कीर्तनं करतात. भाषा स्पॅनिश, खाली इंग्रजी अक्षरं. ती अक्षरं नेमकी टाकीच्या नळावर येत होती, त्यामुळे भाच्याशिवाय कुणी वाचलीच नाहीत. पुढं जे काही झालं ते बरंचसं त्या नळामुळे.

सुरुवातीलाच काळ्या कपड्यातला एक दाढीवाला घोड्यावरून येतो. हातात उघडलेली छत्री. त्याच्यासोबत सात वर्षांचा पोरगा, डोक्यावर टोपी आणि बाकी अंगावर काही नाही. आत्यानं पायावरची चादर बाजूला केली आणि पुढं सरकली.

“लेकराच्या अंगात कपडा न्हाई आन् बाप सोता छत्री धरून बसलाय!”

“आत्या, ते प्रतीक आहे,” भाचा म्हणाला.

“प्रतीकला ऊन लागत न्हाई का?”

मग बाप पोराला सांगतो, आता तू मोठा झालास. तुझं पहिलं खेळणं आणि आईचा फोटो वाळूत पुर. पोरगा पुरतो. आत्या उठलीच. “आईचा फोटो पुरायला लावतोय मुडदा,” असं म्हणत जिना उतरून गेली. पिक्चर सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. पुढच्याच प्रसंगात रक्तानं माखलेलं गाव आणि पडलेली माणसं दिसली, तेव्हा ती गेली ते बरंच झालं, असं वाटलं. उघड्यावाघड्या प्रसंगांसाठी भाच्याला प्रोजेक्टरपुढं हात धरायला बसवलं होतं. तो सिनेमाचा अभ्यासक असल्यामुळे बोटं फाकवून धरायचा. पलंगपोसवर पाच बोटांची सावली आणि मधल्या चार फटींत जागतिक सिनेमा. पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, “हात काढ ना बे!”

एल तोपो म्हणजे जमिनीखाली बोगदे खोदत उजेड शोधणारा प्राणी, आणि सूर्य दिसला की तो आंधळा होतो, असं पिक्चरच्या तोंडीच सांगितलंय. आपल्याकडे तो नसतो म्हणून भाच्यानं ‘घूस समजा’ असं भाषांतर केलं. शेटजी दचकले. गोदाम म्हटलं की घूस हा काही हसण्याचा विषय नाही.

मेव्हण्याचं मात्र लक्ष वेगळीकडेच होतं. त्या घूसवाल्याबरोबर एक बाई असते, वाळवंटात ती पाण्यासाठी कासावीस होते. कडू पाण्यात तो काडी फिरवतो, पाणी गोड होतं. पुढं चक्क खडकातून पाणी फुटतं. मेव्हणा खाटेवर सरळ झाला.

“दाजी, हा पाणाड्या हाय का?”

“नाही रे, बंदूकवाला आहे.”

“मंग किती फुटाला लागलं?”

यावर हसू नये. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यानं मोसंबीची बाग टँकरनं जगवायला बघितली होती. नारळवाला पाणाड्या झाला, उंबराच्या काडीवाला झाला, सहाशे फुटांचे दोन बोअर कोरडे गेले, आणि शेवटी स्वतःच्या हातानं झाडांवर कुऱ्हाड चालवली. परदेशातल्या प्रेक्षकांना ते वाळवंट गूढ वाटलं असेल. ह्याला ते आपल्या शेजारचं रान वाटत होतं. “साफ खोटा पिक्चर हाय,” त्यानं तिथल्या तिथं निकाल देऊन टाकला. रक्ताबद्दल, नागड्या पोराबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. 

तेवढ्यात लाइट गेली आणि मध्यंतर झालं. भाच्यानं अंधारात भाषण ठोकलं. अलेहांद्रो होदोरोव्स्की, जन्म १९२९, चिलीतला. पिक्चर मेक्सिकोत काढला, १९७० साली. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात रात्री बाराला तो लागायला लागला आणि महिनोन्‌महिने लोक पुन्हा पुन्हा येत राहिले. पॉलीन केल या मोठ्या समीक्षिकेला तो पटला नाही. रॉजर ईबर्टनं पुढं त्याला थोर चित्रपटांच्या यादीत बसवलं. बीटल्समधल्या जॉन लेननला तर इतका आवडला, की त्याच्या शब्दावर ॲलन क्लाइन नावाच्या मॅनेजरनं हक्कच विकत घेतले. मग क्लाइन आणि होदोरोव्स्कीचं बिनसलं आणि क्लाइननं पिक्चर तीसएक वर्षं दाबून ठेवला. २००७ मध्ये डीव्हीडी आली तेव्हा कुठं तो लोकांना धडपणे बघायला मिळाला.

इतका वेळ घोरत असलेले शेटजी हे ऐकून खडबडून जागे झाले. “तीस वर्षं माल दाबला? बियाणं असतं तर उगवणशक्ती गेली असती.” त्यानंतर पिक्चरबद्दल त्यांच्या बोलण्यात जरा आदर आला.

बायकोनं विचारलं, “लिहिला कुणी?”

“त्यानंच.”

“काम?”

“त्याचंच. संगीतही. आणि तो पोरगा पण त्याचाच.”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “घरात विचारणारं कुणी नसलं की असं होतं.” केलबाईंचं परीक्षण मी वाचलेलं नाही, पण याहून नेमकं काही त्यात असेल असं वाटत नाही.

लाइट आली. आता खरी गंमत. मी, ज्यानं हा घाट घातला, गोंधळून गेलो होतो. भाच्याला सगळ्याचे अर्थ तोंडपाठ होते. आणि बुवा मांडी घालून असे बसले होते, की जणू काही हा पिक्चर त्यांनी लहानपणी जत्रेत बघितलाय. वाळवंटात चार गुरू आहेत, घूसवाल्याला त्या चौघांना मारायचंय. पहिला आंधळा. त्याचे चाकर दोन : एकाला हात नाहीत, त्याच्या पाठीवर बांधलेल्या दुसऱ्याला पाय नाहीत. आम्ही ‘ई’ केलं. बुवा म्हणाले, “भारूड हाय.” एकनाथांनी आंधळा, पांगळा, मुका, बहिरा सगळे नाचवले, पैठण काय लांब आहे का! तिसऱ्या गुरूच्या घरची सगळी पांढरी ससुली पटापट मरायला लागली, तेव्हा मेव्हण्यानं निदानही करून टाकलं : रोग आलाय, लस दिलेली नाही. चौथ्या म्हाताऱ्याकडे फक्त फुलपाखरं धरायची जाळी. पिस्तूल देऊन त्यानं ती घेतलीय, आणि त्याच जाळीनं तो गोळ्या परतवतो. बुवांनी मान डोलावली. मला वाटतं, काट्यावर गाव वसवणाऱ्या अभंगांवर ज्यांची रात्र-रात्र निरूपणं चालतात, धुळवडीला ज्यांच्या जिल्ह्यात हत्तीवर राजा बसवून हत्ती रिसाला निघतो, त्यांना जाळीचं काय कौतुक?

“बुवा, याचा एकच अर्थ नसतो,” भाचा म्हणाला. “अर्थ ओपन आहे.”

“उघडा? त्या लेकरासारखा?”

उत्तरार्धात बुवांनाही डुलकी लागली आणि त्यांना दोष देता येणार नाही. गुहेतल्या माणसांसाठी बोगदा खणायचा, त्यासाठी गावात विदूषकी करून पैसे जमवायचे, आणि गावकरी किती ढोंगी ते दाखवत राहायचं. एवढं दळण दळायची गरज नव्हती. मला विचाराल तर पहिला भाग जास्त आवडला. अर्थ लागला म्हणून नव्हे. पण शेवटी एका कबरीवर मधमाश्या बसतात, ते दिसल्यापासून मिलमध्ये लालभडक सळई रोलमधून सरकताना दिसली की ती कबर आठवते. का, ते सांगता येत नाही. लेजरमध्ये त्याला रकाना नाही.

रात्री दीडला सगळे पांगले. मेव्हणा जाताना म्हणाला, “दाजी, पुढल्या खेपेला खरंच शोले लावा.”

सकाळी आत्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती. पाकळी नखानं उलगडत, वर न बघता तिनं विचारलं, “त्या लेकराचं फुडं काय झालं?”

मी सांगितलं. बापानं त्याला वाऱ्यावर सोडला, पोरगा मोठा झाला, बापाला मारायला आला. पण हात उचलला नाही.

“कपडे घातले का पर त्यानं?”

“घातले. बापाचेच, काळे.”

“आन् छत्री?”

छत्रीचं काय झालं, ते भाच्यालाही आठवेना.