तात्पुरते चिरंजीव

जे जे उत्पन्न झाले ते ते यथाकाल लयास जाते, हा सिद्धांत ज्या शास्त्रकारांनी अरण्यात बसून मांडला, त्यांना पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात वास्तव्य करण्याचा योग आला असता, तर त्यांनी त्या सिद्धांताखाली निदान एक तळटीप खचित जोडली असती. कारण या क्षेत्री लयास जातात त्या केवळ कायमस्वरूपी म्हणून स्थापन झालेल्या गोष्टी. जी गोष्ट तूर्तातूर्त, प्रायोगिक तत्त्वावर किंवा पुढील हुकूम होईपर्यंत अशा सावध शब्दांनिशी जन्मास येते, तिला अश्वत्थाम्याचे आयुष्य लाभते.

जकातीचेच पाहा. गावाच्या वेशीत शिरणाऱ्या प्रत्येक मालमोटारीला नाक्यावर उभे राहून आपल्या पोटातील मालाचा कबुलीजबाब द्यावा लागे त्या काळी, त्या उत्पन्नाच्या जोरावर आमची महापालिका आशिया खंडातील सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणवून घेत असे. आणि आम्ही नागरिकही सदाशिव पेठेतील नातेवाइकांसमोर ही पदवी अशा काही थाटात मिरवीत असू की, त्या श्रीमंतीचा काही अंश दरमहा आमच्या बचतखात्यात जमा होत असावा असा त्यांचा समज व्हावा. आशिया खंडाची मोजदाद कोणी आणि केव्हा केली, हे विचारण्याचा अरसिकपणा कोणी केला नाही. राज्ये आली आणि गेली तरी जी ढळली नव्हती ती जकात १ एप्रिल २०१३ रोजी गेली. तिच्या गादीवर बसविलेला स्थानिक संस्था कर कसाबसा २०१७ पर्यंत तगला आणि वस्तू व सेवा करात विलीन झाला. १९५४ साली सरकारने पिंपरीत उभारलेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना, ज्याने देशाला पेनिसिलिन दिले आणि ज्याच्या वसाहतीतील नोकरदाराकडे पाहून कायमपणा म्हणजे काय ते आम्ही शिकलो, त्याची जादा जमीन विकून देणी भागवावीत असा ठराव केंद्र सरकारने २०१६ साली केला. तळेगावी २००८ साली वाजतगाजत आलेला जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात मुका झाला. हे सर्व कायमचे होते.

आता तात्पुरत्यांकडे वळू. महापालिकेची निवडणूक २०१७ साली झाली, सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि नवे सभासद येईतो दप्तर सांभाळण्यासाठी प्रशासक नेमण्यात आले. ही नेमणूक अर्थातच अल्पकाळाची होती. त्यामुळे ती जवळजवळ चार वर्षे चालली आणि मतदानाचा योग २०२६ च्या जानेवारीत आला. या अंतरिम काळात कारभार थांबला म्हणावे तर तसेही नाही. उलट १२८ सभासदांच्या भाषणांवाचून ठराव किती झरझर होतात हे पाहून लोकशाहीवरील माझी श्रद्धा काही काळ डळमळली होती. खरी करुणा आली ती चौकाचौकांतील फ्लेक्सफलकांवरच्या भावी नगरसेवकांची. भावी ही अवस्था मुळात एखाद्या हंगामापुरती असावी. परंतु येथे ती चार चार वाढदिवस टिकली. आमच्या चौकातील एका फलकावर पहिल्या वर्षी काळा चष्मा लावून आकाशाकडे बोट दाखवणारा जो तरुण झळकला, त्याच्या फलकाखालील शुभेच्छुकांच्या पासपोर्ट-आकारी छायाचित्रांच्या रांगेत चौथ्या वर्षी त्याचे स्वतःचे चिरंजीव तसाच चष्मा लावून दाखल झाले होते, आणि दोघांपैकी नेमके भावी कोण याविषयी प्रभागात मतभेद होते.

भोसरी, मोशी ओलांडून चाकणच्या दिशेने जाऊ लागले म्हणजे या तत्त्वाचे दृश्य रूप रस्त्यावरच आडवे येते. पुणे-नाशिक महामार्गाला तळेगाव-शिक्रापूर रस्ता जेथे छेदतो त्या चौकात, जगातील नामांकित मोटारी घडविणाऱ्या कारखान्यांचे कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, कांद्याबटाट्याचे टेंपो आणि तिघांना घेऊन पाळी गाठू पाहणाऱ्या दुचाक्या परस्परांना इतक्या निकट सान्निध्यात न्याहाळीत उभ्या असतात की, शेजारच्या वाहनचालकाची कौटुंबिक परिस्थिती आपणांस सहज अवगत व्हावी. चाकणच्या भुईकोट किल्ल्यात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानास जवळजवळ दोन महिने रोखून धरले. आज खानास किल्ल्याच्या खंदकापर्यंत पोचण्यासच तेवढे दिवस लागले असते, हा विनोद चाकणातील प्रत्येक रिक्षावाल्यास माझ्याआधी सुचलेला असल्याने मी त्यावर हक्क सांगत नाही. मला कौतुक वाटते ते तात्पुरत्या बंदोबस्ताचे. वाहतूक वळविण्यासाठी रस्त्यात मांडलेल्या वाळूच्या गोण्या मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांच्या उसवलेल्या शिवणीतून हरळी उगवली आहे, एकीत तर एरंडाने चांगले बाळसे धरले आहे, आणि शेजारच्या टपरीवाल्याने त्याच गोणीवर लाकडी फळी टाकून गिऱ्हाइकांच्या बैठकीची सोय केली आहे. २०२५ च्या ऑगस्टात खुद्द एक उपमुख्यमंत्री भल्या पहाटे या कोंडीच्या पाहणीस आले होते. काकडआरतीच्या वेळी देवाचे दर्शन घ्यावे हा शिरस्ता मला ठाऊक आहे. पण ही देवता उशिरा उठणारी आहे, पहिली पाळी भरायच्या सुमारास ती पूर्ण शृंगारात प्रकट होते, हे कोणीतरी साहेबांच्या कानावर घालावयास हवे होते. विमानतळाविषयी काय लिहावे? तो कित्येक वर्षे या खेड तालुक्यात येणार येणार म्हणून जमिनीचे भाव तेवढे उडत राहिले, आणि २०१६ साली तो पुरंदरास गेला.

परंतु या सर्वांत ज्येष्ठ मानाचे स्थान मी दिवसाआड पाण्यास देईन. २५ नोव्हेंबर २०१९ पासून शहरास एक दिवसाआड पाणी मिळू लागले. त्या वर्षी पाऊस धो धो झाला होता आणि पवना धरण तुडुंब भरले होते, हा तपशील परस्थ माणसाला गोंधळात पाडील. पण टंचाईत पाणी तोडणे हे सामान्य बुद्धीचे काम आहे, विपुलतेत ते समन्यायी करण्यासाठी प्रशासकीय प्रतिभा लागते. ही व्यवस्था काही काळापुरतीच आहे, असे तेव्हा सांगण्यात आले होते. पवनेचे पाणी बंद नळातून थेट निगडीस आणण्याची योजना होती, तिला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबारात तिघांचे प्राण गेले. त्या गोष्टीवर विनोद करण्याइतकी माझी लेखणी निबर झालेली नाही. योजनेवरील स्थगिती बारा वर्षांनी उठली. दरम्यान आंद्रा धरणाचे पाणी निघोजे बंधाऱ्यावरून चिखलीस आले, भामा-आसखेडचे यावयाचे आहे, आणि जितके पाणी वाढते त्याहून अधिक वेगाने ते पिणाऱ्यांचे मजले वाढतात.

या व्यवस्थेने आमच्या संस्कृतीत जी स्थित्यंतरे घडविली, त्यांची नोंद भावी समाजशास्त्रज्ञ घेतीलच. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पंचांगाच्या पाच अंगांस आमच्या सौभाग्यवतींनी पाण्याचा दिवस हे सहावे अंग जोडले असून, भिंतीवरील कालनिर्णयात संकष्टी आणि एकादशीच्या शेजारी निळ्या पेन्सिलीचे टिंब दिल्याशिवाय त्या कोणास जेवावयाचे आमंत्रण देत नाहीत. श्राद्धतिथी निळ्या टिंबावर न आल्यास पितरांना एक दिवस धीर धरावा लागतो. आणि पहाटे गल्लीच्या तोंडाशी सायकल टेकवून, लोखंडी झाकण उचलून, कमरेइतक्या उंच चावीने व्हॉल्व्ह फिरविणारा जो गृहस्थ येतो, त्याच्याइतका मान या प्रभागात आजमितीस कोणासही नाही. तो चावीचे आटे मनाशी मोजतो. पूर्वी पुरे फिरवीत असे, हल्ली दोन आटे राखून ठेवतो. "अहो, अजून अर्धा फिरवा की," असे मी एकदा विनविले, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, "काका, तुम्हाला अर्धा दिला तर मागच्या गल्लीत बाया माझी वाट अडवतील." वितरणव्यवस्थेवरील शासकीय अहवाल मी वाचले आहेत, इतका स्वच्छ खुलासा त्यांत नाही.

माणसांचीही तात्पुरती जात या पट्ट्यात निर्माण झाली आहे. कायद्याने वर्षात २४० दिवस भरले की कामगाराची सेवा सलग धरली जाते, म्हणून ते भरण्यापूर्वीच त्याला ब्रेक देण्याचा रिवाज पडला. तोच मुलगा, तेच यंत्र, तोच सुटा भाग, केवळ कार्डावरील ठेकेदार निराळा. चिंचवडच्या देव घराण्यालासुद्धा इनामाच्या सनदा प्रत्येक नव्या अंमलात पुन्हा मान्य करवून घ्याव्या लागत, तेव्हा बिचाऱ्या वेल्डरने तक्रार ती काय करावी! त्यामुळे या भागातील विवाहाच्या बाजारात गोत्र, पत्रिका, शेती या सर्वांहून वरचढ असा एकच प्रश्न शिल्लक उरला आहे.

अशाच एका बैठकीस, मी निवृत्त आणि तोही परमनंट म्हणून निवृत्त, या दुर्मीळ योग्यतेमुळे मला मुलाकडील वडीलधारा म्हणून बसविण्यात आले होते. मुलगा खराबवाडीत खोली घेऊन राहणारा, मूळचा उस्मानाबादेकडचा, आणि नुकताच तिसऱ्या ठेकेदाराच्या कार्डावर चढलेला. मुलीचे वडील लातूरचे. चहाचे कप खाली ठेवले गेले आणि तो प्रश्न आला. "पोरगं परमनंट हाय का?"

मध्यस्थाने घसा साफ केला. "कंपनी परमनंट आहे," तो म्हणाला. "जर्मनीची आहे."

मुलीच्या वडिलांनी हे उत्तर तपासून पाहिले आणि बाजूस ठेवले. मुलाने प्रामाणिकपणे सांगितले की पुढील ब्रेक वैशाखात आहे, त्यामुळे लग्नासाठी वेगळी रजा टाकण्याची गरज पडणार नाही. ही सोय कोणास फारशी रुचली नाही. बोलणी मोडणार असे दिसू लागले, तेव्हा पलीकडे बसलेल्या मुलीच्या आईने इतका वेळ आवरून धरलेला सवाल टाकला. "आन् पानी?"

मुलगा ओशाळला. महापालिकेच्या हद्दीत घर बघतो आहे, म्हणाला, पण तिथेही पाणी एक दिवस सोडून येते. मीही मान खाली घातली. श्रीमंत महापालिकेचा रहिवासी या नात्याने ती लाज माझीही होती.

ज्या लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेगाडीने पाणी न्यावे लागले आणि जेथे नळाची वाट पाहण्यात आठवडा सरतो, त्या शहरातील त्या माउलीने यजमानांकडे पाहिले, यजमानांनी तिच्याकडे पाहिले.

"येक दिस सोडून?" त्या म्हणाल्या. "म्हंजी रोजचंच झालं की!"

सुपारी त्याच बैठकीत फुटली.