आतलं माप, बाहेरचं माप

जयपूरला गेलेली माणसं येताना रजई आणतात. आमचे दाजी जातानाच सायकल घेऊन निघाले. सायकल म्हणजे नुसता सांगाडा. चाकं, हँडल, चिमटा यांतलं काहीच नाही. सोलापुरी चादरीत गुंडाळून तो बर्थखाली सरकवला, तेव्हा समोरच्या काकूंनी विचारलं, "वीणा का हो?"

"जुनी स्टील फ्रेम," दाजी म्हणाले आणि चादर सोडायला लागले. सुरत येईपर्यंत काकू झोपेचं सोंग घेऊन पडून होत्या.

या फ्रेमला पुण्यातला एक कारागीर नवा चिमटा घडवून देणार होता आणि त्याने दाजींना एक फॉर्म दिला होता. चिमट्याची जी नळी फ्रेमच्या आतून वर जाते आणि हँडल धरते, तो स्टीअरर. त्याचा व्यास किती, लांबी किती, आटे कुठपर्यंत, आणि तळाशी बेअरिंगची कडी जिथे ठोकून बसवतात तिथली जाडी किती? शेवटचा प्रश्न सगळ्यांत खवट. एक इंची नळीला तिथे 26.4 मिलिमीटर लागतात, जपानी पद्धतीने 27. या 0.6 मिलिमीटरपायी दाजींची झोप उडाली होती, दाजींपायी ताईची, आणि गाडीत आम्हा सगळ्यांची. शिवाय व्यास जुना 25.4 ठेवावा की आधुनिक 28.6 घ्यावा, हे पुण्यात ठरेना. फॉर्म सोमवारी द्यायचा, म्हणून फ्रेम सहलीला.

किशनपोल बाजारात एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी फ्रेमच्या नळीत बोट घातलं. "एक इंच."

दाजींनी व्हर्निअर काढला. "मगर हमको अठ्ठावीस पॉइंट छे चाहिए."

"एक इंच एक सूत? नहीं घुसेगा, साब."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला जरासा कमी. दाजींनी मोबाइलवर बेरीज केली: 28.575. दोन महिन्यांचा प्रश्न निकालात काढून मिस्त्री पंक्चरकडे वळलेसुद्धा. लांबीसाठी दाजींनी 150 मिलिमीटरची हेड ट्यूब, म्हणजे फ्रेमची पुढची नळी, अधिक हेडसेटची, म्हणजे तिच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगांची, उंची 36, वजा दोन, असं गणित मांडलं. मिस्त्रींनी ते आदराने ऐकलं आणि म्हणाले, थोडी लांबच मागवा, "काटने को आरी है, जोड़ने को कुछ नहीं." मात्र आटे गरजेपुरतेच, हँडलच्या दांड्याची पाचर आट्यांच्या खाली बसायला हवी, नाहीतर नळी नेमकी तिथेच चिरते. हे फॉर्ममध्ये नव्हतं. दाजींनी समासात लिहून घेतलं.

फ्रेम दुकानात ठेवून आम्ही जंतर मंतरला गेलो. ही वेधशाळा उभारणाऱ्या महाराजा सवाई जयसिंहांना पितळी यंत्रांचा कंटाळा आला होता. यंत्रं लहान, त्यांचे आस झिजतात, हलतात, केंद्र सरकतं, अशी तक्रार त्यांनी आपल्या खगोलग्रंथाच्या प्रस्तावनेतच केली आहे. म्हणून त्यांनी दगड-चुन्यात सुमारे 27 मीटर उंच सम्राट यंत्र उभं केलं. ते दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ दाखवतं.

"म्हणजे महाराजांचाही हेडसेट ढिला होता!" दाजी ओरडले. चार परदेशी पाहुण्यांनी त्यांचा फोटो काढला. मला विचाराल तर महाराजांना सोपं गेलं. त्यांचं यंत्र हलायचंच नव्हतं. सायकलला वळावं लागतं.

संध्याकाळी ताई सगळ्यांना मनिहारों का रास्ता इथे घेऊन गेली. तिथे निखाऱ्यावर लाख मऊ करून, लाकडी दांड्यावर फिरवून डोळ्यांदेखत बांगडी घडवतात. बांगडीवालीने ताईचा पंजा दाबून पाहिला. "दो-छह."

"दोन पॉइंट सहा इंच, म्हणजे 66 मिलिमीटर," दाजी.

"काही नाही," ताई म्हणाली. "दोन इंच आणि वर सोळा भागांतले सहा."

व्हर्निअर बाहेर आला. दाजींनी नमुन्याची बांगडी धरली. साठच्या वर कुठेतरी यायला हवं होतं. सत्तरच्या पुढे गेलं. दुसरी बांगडी, तेच. बांगडीवाली बघत राहिली. मग तिने विचारलं, "साब, नाप अंदर का ले रहे हो या बाहर का?"

दाजींनी खिशातला फॉर्म काढला. पहिल्याच रकान्यात 25.4 लिहिलेलं होतं आणि शेजारी दोन रिकामे चौकोन होते: आतला व्यास, बाहेरचा व्यास. हँडलचा दांडा ज्यात उतरतो तो आतला व्यास 22.2, बाहेरचा 25.4. दाजी पेन हातात धरून फुटपाथवर उभे राहिले.

"आतलं," ताई बांगडीवालीला म्हणाली. "हात आत घालायचाय मला. यांचं यांना ठरवू दे."