बिनपगारी ब्रँड अँबॅसिडर

कोल्हापुरात प्रत्येक पेठेत एक पैलवान, एक फुटबॉलपटू आणि एक गाड्यांतला जाणकार सापडतोच. पहिल्या दोघांना मैदानात उतरावं लागतं. तिसऱ्याला चहाच्या टपरीवरचं बाकडं पुरतं. त्याला आपण आबा म्हणू. वय साठीच्या पलीकडे, निम्मी हयात शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेलेली, नखांत अजून थोडं ग्रीस. वर्कशॉप आता मुलगा बघतो. आबा जग बघतात, तेही मोबाइलवर आणि तेही मुख्यतः जपानचं. नेमकं सांगायचं तर जपानी टीव्हीवर पूर्वी लागायच्या त्या मोटारींच्या आणि मोटरसायकलींच्या जाहिराती, ज्यात इंग्रजी सिनेमातले नट असत.

जपानी भाषेतलं आबांना ओ की ठो कळत नाही. "भाषा कशाला लागती? इंजिन बोलतंय की!" हा त्यांचा खुलासा. मोबाइल चहाच्या ग्लासाला टेकवून उभा करायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि अंगठ्यानं घडीघडी चित्र थांबवायचं. मग परीक्षण सुरू. हिरोचा हात गिअरवर एकदा तरी गेला का? आरशात बघितलं का? बुटाला चिखल आहे का? आणि रस्ता मुद्दाम ओला का केलाय? "पाणी मारलं की गाडीचा रंग उठून दिसतोय. आपल्याकडं पाणी साचलं की खड्डा किती खोल ते कळत न्हाई. एवढाच फरक."

या परीक्षेत पास होणारे थोडे. स्टीव्ह मॅक्वीनला आबांनी पैकीच्या पैकी मार्क दिले आहेत. 1973 च्या सुमारास होंडाच्या एल्सिनोर मोटरसायकलच्या जाहिरातीत तो दिसला. तो खरोखर मातीत गाडी मारणारा गडी होता, हे आबांनी त्याच्या गुडघ्यावरून ओळखलं म्हणे. पॉल न्यूमनलाही तितकेच. निस्सानच्या स्कायलाइनची जाहिरात त्यानं 80 च्या दशकात केली, गाडीची एक आवृत्ती त्याच्या नावानं निघाली; पण आबांना महत्त्वाचं वाटतं ते 1979 साल, जेव्हा हाच नट फ्रान्समधल्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत दुसरा आला होता. "ह्याला म्हणायचं जाहिरात! आधी गाडी हाणली, मग तोंड दाखवलं." आलँ दलों मात्र नापास. माझदाच्या कपेलाशेजारी तो इतका देखणा दिसतो की आबांना संशयच येतो. "ह्या माणसानं जन्मात कधी पंक्चर काढलेलं नसणार."

अर्नॉल्ड श्वार्झनेगर गाडीवाला नसूनही तालमीच्या कोट्यातून पास झाला. जपानी नूडल्सच्या जाहिरातीत तो दोन्ही हातांत भल्याथोरल्या किटल्या घेऊन व्यायाम करतो. गंगावेशीच्या तालमीत जड करेल फिरवलेल्या आबांना यात खोट काढता येईना. "मनगट बघ मर्दा. किटली हाय, पण पकड खरी हाय."

आता तुम्ही म्हणाल, एवढे मोठे नट जपानात जाऊन नूडल्स आणि टॉनिक का विकत होते? कारण सरळ होतं. पैसा भरपूर, काम थोडक्या दिवसांचं आणि घरी कुणाला पत्ता नाही. अमेरिकेत त्या काळी मोठ्या नटानं जाहिरात करणं म्हणजे उतरती कळा लागल्याची खूण मानत. जपानात तसं काही नव्हतं. त्यामुळे ही मंडळी गुपचूप जाऊन शूटिंग करून येत आणि जाहिरात जपानाबाहेर दाखवायची नाही, असं करारात लिहून घेत. पुढं यूट्यूब आलं आणि सगळ्यांची अंडीपिल्ली बाहेर पडली. आबांनी याचा निकाल एका वाक्यात लावून टाकलाय: "गावात पाटीलकी, परगावात हमाली."

या हमालीची ताकद मात्र ते कबूल करतात. चार्ल्स ब्रॉन्सननं 1970 साली मॅन्डम नावाच्या पुरुषी प्रसाधनांची जाहिरात केली आणि माल असा काही खपला की पुढच्याच वर्षी कंपनीनं स्वतःचं जुनं नाव टाकून मॅन्डम हेच नाव घेतलं. आबा ही गोष्ट दर लग्नसराईत एकदा सांगतात. "लग्नात पोरीचं नाव बदलत्यात, हितं नवऱ्यानं बदललं."

पण आबांचा खरा जीव अडकलाय तो लिओनार्डो डिकॅप्रिओत. टायटॅनिक बघून सगळं कॉलेज रडत होतं त्याच सुमाराच्या पुढंमागं या पोरानं जपानात सुझुकीच्या वॅगनआरची जाहिरात केली. वॅगनआर! जी आपल्याकडे 1999 च्या अखेरीस आली, जिला पहिल्यांदा बघून राजारामपुरीतल्या लोकांनी "कपाटाला चाकं लावलीत" म्हणून नाकं मुरडली, आणि जिच्यात आज निम्मं कोल्हापूर नृसिंहवाडीला जाऊन येतं, ती. हा शोध लागला त्या दिवशी आबांनी टपरीवर सगळ्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला. त्यांच्याकडं पंधरा वर्षं वॅगनआरच होती. "एवढं मोठं जहाज त्याला पोचवू शकलं न्हाई. शेवटी वॅगनआरच कामाला आली."

त्यावर टपरीवरच्या एका पोरानं शंका काढली. जपानातल्या रस्त्यांच्या व्हिडिओत असल्या छोट्या गाड्यांना पिवळ्या नंबरप्लेट दिसतात, त्या कशा काय? आबा क्षणभर अडखळले. आपल्याकडं पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी. "म्हंजे टायटॅनिकचा हिरो वडाप करतोय व्हय?" असं कुणीतरी मागून म्हटलं आणि बाकडं हसून हललं. खरी गोष्ट अशी की 660 सीसीपर्यंतच्या छोट्या गाड्यांचा जपानात वेगळा वर्ग आहे, त्यांना कर कमी आणि पाटी पिवळी. तिथली वॅगनआर त्या वर्गातली. आपल्याकडं आली ती जवळजवळ 1100 सीसीचं इंजिन घेऊन. हे आबांनी रात्री शोधून काढलं आणि सकाळी सात वाजता त्या पोराच्या घरी जाऊन सांगितलं. पोरगं झोपलं होतं. आईला सांगून आले.

देशी नटांबद्दल आबांचं मत फारसं बरं नाही. 1998 साली शाहरुख खाननं सॅन्ट्रोची जाहिरात केली, ती त्यांना पाठ आहे, पण "ह्युंदाई कोरियाची. कोरिया म्हंजे जपान न्हवं" म्हणून ती वेगळ्या खात्यात. इनोव्हासाठी आमीर खान आला तेव्हा आबांचं म्हणणं असं पडलं की, त्या गाडीची खरी जाहिरात आपले टूरवाले करतात. पहाटे तीनला जोतिबा, दुपारी गणपतीपुळे, रात्री परत, आणि सकाळी गाडी पुसून पुन्हा दारात. धोनीला त्यांनी मनापासून मानलं. तो टीव्हीएसच्या जाहिरातीत होता म्हणून नव्हे. त्याच्या घरी मोटरसायकलींचा ताफा आहे आणि त्यात यामाहाची जुनी आरडी 350 आहे म्हणून. पिअर्स ब्रॉस्नन 2016 साली पानमसाल्याच्या डब्यासह वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकला आणि नंतर आपली दिशाभूल झाली म्हणून हळहळला, तेव्हा आबांना त्याची दया आली. "बीएमडब्ल्यू चालवणारा माणूस पानाच्या डब्यावर आला. आणि डबा आपल्या राज्यात विकायला बंदी!"

मेस्सीचं प्रकरण नाजूक आहे. टाटांनी 2015 साली त्याला आपल्या मोटारींसाठी घेतलं. ज्या गाडीपासून गाजावाजा सुरू झाला तिचं नाव झिका होतं. तेवढ्यात त्याच नावाचा विषाणू जगभर पसरला आणि कंपनीला घाईघाईनं नाव बदलून टियागो करावं लागलं. तालमीतली निम्मी पोरं अर्जेंटिनाची, त्यांनी फटाके वाजवले. आबा पेलेच्या काळापासून ब्राझीलचे. ते आठवडाभर टपरीवर फिरकलेच नाहीत. आले तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरगं डावखुरं हाय. क्लच डाव्या पायात असतोय. निवड चुकीची न्हाई." मेस्सीला ब्राझीलकडून मिळालेली ही एकमेव दाद असावी.

स्वतः आबांची गाडी यामाहा आरएक्स 100. ही गाडी 1985 च्या अखेरीस आली, 1996 ला बंद झाली आणि तरीही कोल्हापुरात तिचं वय कुणी मोजत नाही. 98 सीसी, दोन स्ट्रोक, किक मारायची. आबांची किक बघण्यासारखी असते. आधी चोक ओढायचा, मग अर्धी किक हळू, जणू इंजिनाला विचारून घ्यायचं. मग शर्टाची बाही वर. मग पूर्ण किक. पहिल्याच किकला गाडी चालू झाली की आबा इकडंतिकडं बघतात, कुणी पाहिलं का म्हणून. निळा धूर सुटतो, गल्लीतली पोरं "जाळ आणि धूर संगटच!" ओरडतात, आणि त्या क्षणी पॉल न्यूमन वगैरे मंडळी आबांच्या खिजगणतीत नसतात.

एका मुद्द्यावर मात्र ते हसत नाहीत. जाहिरातीत गाडी डोंगर चढते, नट गॉगल काढतो, वाऱ्यानं केस उडतात. आबा चित्र थांबवतात आणि बॉनेटवर बोट ठेवतात. "ह्याच्या आत काय हाय ते कोण दाखवतंय?" कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, देशातल्या वाहन कंपन्यांसाठी रोज कास्टिंग ओतलं जातं. भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस कुठल्याच जाहिरातीत नसतो. मला वाटतं, आबांची ही तक्रार रास्त आहे. आणि जाहिराती बघण्याचं त्यांचं वेडही कदाचित यातूनच आलं असावं. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला आपला भाग नेमका कुठं बसलाय हे बघायचं असतं, आणि समोर येतं ते नटाचं तोंड.

त्यांचा सल्ला घेतल्याशिवाय पेठेत सहसा गाडी येत नाही. शोरूमचा पोरगा ऑफर सांगत असतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "आबांना एकदा विचारून येतो." कंपन्या नटांना कोट्यवधी मोजतात, पण पेठेतला व्यवहार शेवटी बाकड्यावर ठरतो. फी एक चहा, कटिंग नव्हे, फुल्ल. गाडी चांगली निघाली तर आबांनी सांगितली म्हणून. बिघडली तर "चालवणाऱ्याचा हात वाईट." तरीही तक्रारवाला शोधत आलाच, तर आबांची आरएक्स त्या दिवशी दुसऱ्या बोळातून जाते.

गेल्या वाढदिवसाला तालमीच्या पोरांनी त्यांचा फ्लेक्स लावला. मधोमध आबा गॉगल लावून आरएक्सवर, एका बाजूला डिकॅप्रिओ, दुसऱ्या बाजूला अर्नॉल्ड, दोघंही शुभेच्छुक. आबांनी नापसंती दाखवली, पण फ्लेक्स उतरेपर्यंत चौकातून जाताना त्यांच्या गाडीचा वेग कमी होत असे.

त्यांना निरुत्तर फक्त नातू करतो. 2011 सालची टोयोटाची जाहिरात आबांनी त्याला मोठ्या कौतुकानं दाखवली. त्यात ज्याँ रेनो हा फ्रेंच नट निळे कपडे घालून चक्क डोरेमॉन झालाय. नातवानं ती शेवटपर्यंत बघितली आणि विचारलं, "आजोबा, डोरेमॉनकडं कुठंही जायचं दार आहे. मग त्याला गाडी कशाला?" आबांनी मोबाइल खिशात ठेवला.

तेव्हा कोल्हापुरात गाडी घ्यायची असेल, तर शोरूमच्या आधी उद्यमनगरातली टपरी गाठा. चहाचे पैसे तुम्ही द्या. मायलेज विचारू नका, आकडा ते स्वतःच्या आरएक्सवरून सांगतील. सर्व्हिसिंग कुणाकडं करायचं ते मात्र जरूर विचारा. त्या बाबतीत आबांचा शब्द कुठल्याही नटापेक्षा पक्का आहे.