पाचवा मणी

कॅलिफोर्नियात मूल चौथीत गेलं की घरात सोनं शिरतं. दागिन्यांचं नव्हे, अभ्यासाचं. चौथीला राज्याचा इतिहास असतो आणि त्यात १८४८ सालचा गोल्ड रश. आमच्या कन्येनं एका संध्याकाळी जाहीर केलं की वर्गातली सगळी मुलं कोलोमाला जाऊन नदीत सोनं धुऊन आली, आपणच तेवढे राहिलोय. ‘आपणच तेवढे राहिलोय’ हे वाक्य मी लहानपणी रंगीत टीव्हीसाठी वापरलं होतं. त्याची ताकद मला ठाऊक आहे.

आयुष्यात मी कुठलीही गोष्ट सरावाशिवाय केलेली नाही आणि सरावानंतरही नीट केलेली नाही. तरी ठरवलं, जायच्या आधी तीन आठवडे घरी सराव. तीस डॉलरचं हिरवं प्लास्टिकचं ताट मागवलं. त्याच्या एका बाजूला खाचा असतात, जड कण त्यात अडकावेत म्हणून. रंग हिरवा, कारण पिवळं आणि काळं दोन्ही त्यावर उठून दिसतं. शिवाय वाळूची दोन पोती आणली, प्रत्येकी साडेबावीस किलोची. एक पुरलं असतं, पण दोनवर सूट होती.

तत्त्व सोपं आहे. साधी वाळू पाण्याच्या सुमारे अडीचपट जड, लोहयुक्त काळी वाळू पाचपट आणि सोनं एकोणीसपट. ताट पाण्याखाली धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचं. जड ते तळाला जातं. मग ताट कलतं करून वरची हलकी वाळू काठावरून जाऊ द्यायची. पुन्हा हलवायचं, पुन्हा कलतं करायचं. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते आणि नशीब असेल तर तिच्या कडेला पिवळा ठिपका. अगदी बारीक कण पाण्यावर तरंगून निसटतात, म्हणून भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं. मला ड्रायव्हिंगही तोंडपाठ होतं. परवाना चौथ्या खेपेला मिळाला.

सरावासाठी जाणकार शिशाचे बारीक छरे ठोकून चपटे करतात, मोजून वाळूत टाकतात आणि तितकेच परत मिळेपर्यंत धूत बसतात. बायको म्हणाली, “मुलांच्या हातात शिसं?” विषय संपला. आता शिशाइतकं तरी जड काहीतरी हवं होतं, आणि आमच्या घरात तसं एकच होतं.

बायकोचं मंगळसूत्र दिवाळीत वाढलं होतं. सोन्याचे मणी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले होते. आमच्याकडे आलेली माझी आई परत गेल्यावर कोल्हापुरात गाठवून घेणार होती. त्यातले मी फक्त पाच घेतले. घेतले म्हणजे, न विचारता घेतले.

वरच्या मजल्यावरच्या टबात आमची खाण सुरू झाली. मुलांना मी इतिहासही शिकवत होतो: तेव्हा इथे कायदा असा नव्हताच, खाणवाल्यांनी आपले नियम आपणच केले, जागा आधी धरील त्याची, सोनं सापडेल त्याचं. सहा वर्षांच्या चिरंजीवांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. आयुष्यात माझं एवढं एकच बोलणं त्यानं लक्ष देऊन ऐकलं असावं.

पहिल्या दिवशी पाचपैकी पाच. दुसऱ्या दिवशी पाच. आवाज ऐकून आई वर आली, दारात उभी राहून क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “ह्यात काय शिकवायचं रे? हे रोवळणंच की. खडे खाली, तांदूळ वर.” मग तिला काहीतरी आठवलं आणि ती इतकी हसली की तिला कमोडच्या झाकणावर बसावं लागलं. कोल्हापुरात गुजरीत झारेकरी येत. सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून न्यायची, गटारातला गाळ काढायचा आणि धूत बसायचं, सोन्याच्या कणासाठी. “अभ्यास कर, नाहीतर गुजरीत गटार धुवायला बसशील, असं म्हणायचे मी तुला,” आई डोळे पुसत म्हणाली. “शिकलास आणि पैसे देऊन बसलास.”

तिसऱ्या दिवशी चारच मणी निघाले.

टबातली वाळू दोनदा, तीनदा धुतली. चारच. चौथ्यांदा धुताना टबातलं पाणी जायचं थांबलं. मी धीर सोडला नाही. मोरीत ढवळायला हँगर वाकडा करून घातला, तो आत राहिला. गरम पाणी ओतलं, ते वर आलं. बाटलीतलं मोरी मोकळी करायचं औषध ओतलं, मग बाटलीवरची सूचना वाचली. रात्री साडेनऊला खाली गॅरेजच्या छतावर एक ओला डाग दिसला, त्याचा आकार साधारण श्रीलंकेसारखा होता. दहा वाजता त्याच्या शेजारी भारत आला.

प्लंबर हा शब्द शिसं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. म्हणजे बायकोनं बंदी घातलेलं शिसं शनिवारी सकाळी, सुट्टीच्या दिवसाचा जादा दर लावून, दारातून आत आलं. सहा फूट तीन इंच उंचीचा गृहस्थ. त्याला मी सांगितलं की मोरीखालच्या वळणाच्या नळीतच मणी असणार, कारण नदीतसुद्धा प्रवाह वळणाच्या आतल्या अंगाला मंदावतो आणि सोनं तिथेच बसतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि गॅरेजचं छत कापलं. नळी खोलून आतला सगळा ऐवज बादलीत ओतला: वाळू, हँगर, केस, एक लेगो.

मग आईनं पदर खोचला, रबरी हातमोजे चढवले, परात मागवली आणि दारापुढच्या फरशीवर बसून ती बादली रोवळली. मी हिरवं ताट पुढे केलं, तिनं बघितलंही नाही. मनगट असं फिरत होतं की प्लंबर हत्यारं आवरायची सोडून उभा राहिला. वीस मिनिटांनी परातीच्या कडेला सोन्याची एक फिरकी निघाली, कानातल्याच्या मागची. आमची नव्हती. आमच्या आधी त्या घरात राहिलेल्या कुणाची तरी.

मणी नव्हता. बिल दोनशे ऐंशी डॉलर, छताचं वेगळं. मग डबी उघडून बायकोला दाखवावी लागली. ती काही बोलली नाही. तीन आठवडे बोलली नाही.

या वातावरणात आम्ही फ्रीमाँटहून निघालो. सॅक्रामेंटोवरून प्लेसरव्हिल, पूर्वीचं नाव हँगटाउन, म्हणजे फाशीगाव. तिथून हायवे ४९. हा आकडासुद्धा १८४९ साली सोन्यापाठी आलेल्या लोकांवरून दिलेला. टेकड्या सुंदर होत्या. मागच्या सीटवर वेफर्स सांडले होते.

वाटेत एका ठिकाणी ‘सोनं मिळण्याची खात्री’ अशी पाटी होती. पैसे भरायचे, लाकडी डोणीतल्या वाळूत आधीच पेरून ठेवलेलं सोनं मुलांनी शोधायचं. मला संताप आला. पेरलेलं सोनं शोधायला लावणं म्हणजे मुलांना फसवणंच! बायको तीन आठवड्यांनी पहिल्यांदा बोलली: “मग बाथटबमध्ये काय चाललं होतं?”

कोलोमात २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल नावाच्या सुताराला, सटर नावाच्या जमीनदारासाठी लाकडाची गिरणी बांधताना, पाण्याच्या पाटात सोनं दिसलं. नऊ दिवसांनी मेक्सिकोनं तहात कॅलिफोर्निया अमेरिकेला देऊन टाकलं. सह्या करणाऱ्या कुणालाच बातमी नव्हती. जागेच्या व्यवहारात आपण फसलो असं वाटणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. आणि ते सोनंच आहे हे पाहायला तो खडा टाकला कुठे? तळावर स्वयंपाक आणि धुणं करणाऱ्या जेनी विमर या बाईच्या साबणाच्या उकळत्या कढईत. पितळ काळं पडलं असतं. खडा चकचकीत निघाला. “बाईलाच विचारावं लागलं शेवटी,” आई म्हणाली.

टेकडीवर मार्शलचा पुतळा आहे, सोनं सापडलं त्या जागेकडे बोट दाखवणारा. तो १८८५ साली कफल्लक मेला आणि पुतळा १८९० साली उभा राहिला.

नदीकडे जाताना एका खडकाशी आई थबकली. खडकात गोल खळगे होते. तिनं एकात हात घालून आतली गुळगुळीत बाजू चाचपली. “उखळ आहे हे.” होतंच. निसेनान या इथल्या मूळ लोकांच्या बायका तिथे ओकची फळं कुटायच्या. कोलोमा हे नावही त्यांच्याच गावाचं. सोनं सापडलं तेव्हा कॅलिफोर्नियात मूळ रहिवासी सुमारे दीड लाख होते. १८७० पर्यंत तीस हजार उरले. कन्येच्या पुस्तकात याला एक परिच्छेद आहे. आई हात काढायला तयार नव्हती.

नदीत फक्त हात आणि ताट, फावडं चालत नाही. पाणी बर्फ वितळून आलेलं. दहा मिनिटांत माझी बोटं माझी राहिली नाहीत. दोन तास कन्या धूत होती: हलव, कलतं कर, हलव. काळी वाळू, आणखी काळी वाळू. शेवटी ती रडायचीच बाकी राहिली होती, आणि त्याच वेळी किंचाळली, “सोनं!”

काठावरची माणसं धावली. पार्कातले एक म्हातारे स्वयंसेवक भिंग घेऊन आले. ताटात मुगाएवढा पिवळाधमक गोळा. त्यांनी तो उचलला, भिंगाखाली धरला, फिरवला आणि सौजन्यानं म्हणाले, “निसर्ग सोन्याला आरपार भोक पाडत नाही.”

बायकोनं हात पुढे केला.

चिरंजीव नदीकडे बघत उभे होते. चौकशीत निष्पन्न झालं ते असं: मणी त्याला टबात सापडला होता आणि सोनं सापडेल त्याचं, हे बाबांनीच सांगितलं होतं. तीन आठवडे तो जॅकेटच्या खिशात होता. मग आज ताटात का टाकलास? तो कुजबुजला, “ताईला काहीच मिळत नव्हतं.”

कुणीच त्याला रागावलं नाही. बायकोनं त्याचं नाक पुसलं आणि त्याच ओघात, का कोण जाणे, माझ्याशी बोलायला लागली.

आईनं तोवर काठावर बसून गुपचूप दोन खरे कण काढले होते, रव्याच्या दाण्याहून बारीक. ते बाटलीत आहेत. पाचही मणी कोल्हापूरला गेले. वाळूचं मात्र दीड पोतं उरलंय. फ्रीमाँटच्या आसपास कुणाला हवं असेल तर स्वतः येऊन न्यावं. त्यात सोनं नाही. आम्ही चारदा धुऊन पाहिलंय.