खाजणराज्यमीमांसा

काल्पनिक राज्यांचे नकाशे काढणाऱ्या लेखकांची एक खोड आहे. डोंगर, किल्ले आणि शापित अरण्य यांतच शाई संपत आली, की उरलेल्या किनाऱ्यावर ते चार आडव्या रेघा मारतात, वर गवताची तीन पाती उभी करतात आणि खाली लिहितात, ‘दलदल’. मग तिथे धुकं सोडून देतात. दलदल म्हणजे धुकं असलेली ओली जागा, हा झाला पूर्वपक्ष. त्याचं खंडन करणं आम्हांला भाग आहे, कारण दुसरं कोणी ते अंगावर घेईल असं दिसत नाही.

आमचा सिद्धान्त असा, की भरतीच्या पाण्यावर जगणारी दलदल, म्हणजे आपल्याकडचं खाजण, हे आधी वेळापत्रक असतं. जागा ते नंतर होतं. राजपुत्राने सकाळी जिथे तंबू ठोकला, तिथे दुपारी बोय पोहत असते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊणएक तास मागे सरकते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर याला घड्याळ लागत नाही, पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळीही सहाच्याच सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात. थोडं इकडेतिकडे धरून माध्यान्ह आणि मध्यरात्र म्हणा.

पण कल्पनाविश्वकारांचं एका चंद्राने भागत नाही. दोन चंद्र हा त्यांचा किमान शिधा. इथे गणित आडवं येतं. भरती उठवणारी ओढ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. आपल्या चंद्राएवढाच दुसरा चंद्र निम्म्या अंतरावर टांगला, तर त्याची ओढ आठपट होईल. मुंबईला उधाणाचं पाणी चारेक मीटर चढतं-उतरतं. तेच ढोबळ हिशोबाने इथे राजवाड्याच्या पाचव्या मजल्यावरची तुळस बुडवेल. शिवाय इतक्या जवळचा चंद्र आपला महिना दहा दिवसांत उरकतो. दर दहा दिवसांनी एक संकष्टी येणार, उपास कोणता चंद्र बघून सोडायचा यावर दोन पंथ पडणार आणि पाऊणपटीचा नियम रद्द झाल्यामुळे राज्यातले पंचांगकर्ते परागंदा होणार. एकच चंद्र ठेवावा, ही आमची शिफारस आहे.

आता चिखल. खाजणाचा चिखल भाताच्या खाचरातल्या चिखलाहून निराळा. कण अतिशय बारीक, आणि बोटभर खाली प्राणवायूचा पत्ता नाही. तिथे गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य असल्यामुळे पाय उपसला की कुजक्या अंड्याचा वास येतो. पाय सरळ वर ओढला, तर खाली पोकळी तयार होते आणि चिखल बूट ठेवून घेतो. काल्पनिक साहित्यातला नायक गुडघ्यापर्यंत चामडी बूट घालून दलदलीत शिरतो. तो पलीकडे अनवाणीच निघाला पाहिजे. घोडदळाचा विचार तर करूच नये. तिवराच्या श्वासमुळ्या झाडाभोवती शेकड्यांनी पेन्सिलींसारख्या उभ्या असतात. घोडा पाचव्या पावलाला थांबेल, आणि त्या वादात आम्ही घोड्याच्या बाजूने आहोत.

राक्षसाची जागा निवटीला द्यावी असं एक मत आहे. मासा असून ती चिखलावर कल्ल्यांलगतच्या परांनी चालते, अंग ओलं ठेवून कातडीतूनही श्वास घेते, डोळे डोक्यावर बटबटीत. नर मादीला दिसावं म्हणून हवेत उड्या मारतो. साहित्य सगळं आहे. अडचण एवढीच, की कोकणात निवटीचं झणझणीत कालवण करतात. ज्याचं कालवण होतं त्याची दहशत बसत नाही.

राज्यकारभारासाठी मात्र गोव्याची खाजणं पाहावीत. तिथे मातीचे बांध घालून खारं पाणी अडवतात, आत कोरगुटासारखं खारं पाणी सोसणारं भात घेतात आणि बांधात ‘मानस’ ठेवतात. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. त्या तोंडाशी जाळं लावून मासळी धरायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. म्हणजे सिंहासनावर कोण बसलंय याला फारसा अर्थ नाही. पावणी कोणाच्या नावावर उतरली ते बघावं. शत्रूच्या सैन्याचीही गरज नाही. बांधात खेकड्यांनी पाडलेल्या बिळांकडे दोन पावसाळे दुर्लक्ष केलं, की राजधानीत मिठागर होतं.

शेवटी राजकन्येचं लग्न. यावर पूर्वसूरींनी काहीच लिहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर. वऱ्हाड खाडीतून होडीने येणार. गोरज मुहूर्त धरावा, तर संध्याकाळी सहाची भरती लागते आणि ती सापडते अष्टमीच्या आसपास. पण अष्टमी म्हणजे भांग. पाणी जेमतेम चढतं आणि वाजंत्र्यांची होडी धक्क्याच्या अलीकडेच बसते. भरपूर पाणी हवं तर उधाण, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमा. अमावास्येला वरपक्ष तयार होणार नाही. राहिली पौर्णिमा, दुपारचा अभिजित मुहूर्त. तो लागतो न लागतो तोच ओहोटी सुरू. वऱ्हाडाने दोन तासांत अक्षता, सूनमुख, जेवण आणि मानपान आटोपून होड्या गाठायच्या, नाहीतर मध्यरात्रीच्या भरतीपर्यंत वधूपित्याने त्यांना सांभाळायचं. दोन तासांत मानपान आटोपल्याचं उदाहरण आमच्या अभ्यासात आलेलं नाही. तेव्हा कथेला युद्ध हवंच असेल तर कारण इथे तयार आहे: दुपारचे तीन, खाडीत नुसता चिखल, जिलबी संपलेली, आणि वराचे मामा विचारताहेत, संध्याकाळच्या चहाचं काय?