सहकुटुंब गडारोहणाचा कानुजाबता

गिर्यारोहणावर विपुल ग्रंथरचना झालेली आहे. परंतु तिचा कर्ता बहुधा सडाफटिंग असतो, पाठीवर एक पडशी टाकून पहाटे घर सोडतो, आणि आपल्या मागोमाग त्याच पाऊलवाटेने पंचाहत्तरी गाठलेल्या मातोश्री, चपला हातात घेऊन चालणारी कन्या आणि ‘अजून किती राहिलं?’ असे दर वीस पावलांना पुसणारे चिरंजीव येत आहेत, असा प्रसंग त्याच्यावर कधी गुदरलेला नसतो. जो एकटा डोंगर चढतो त्याचे कौतुक वर्तमानपत्रे करतात. पण जो सबंध कुटुंब डोंगरावर चढवतो आणि कोणाचे कोणाशी बोलणे बंद न पडता ते सायंकाळी खाली आणतो, त्याच्याविषयी शास्त्र मौन बाळगून आहे. ही उणीव दूर व्हावी म्हणून, आणि गेल्या मोहिमेपासून उजवा गुडघा सक्तीच्या रजेवर असल्याने लिहिण्यास सवडही लाभली म्हणून, सह्याद्रीत सहकुटुंब संचार करू इच्छिणाऱ्यांसाठी हा कानुजाबता सादर करीत आहे.

पहिले कलम अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचे. सभासदाच्या बखरीत शिवकालीन गडांची जी व्यवस्था वर्णिली आहे तिच्यात गड एका हाती कधीच सोपवलेला नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन तोलामोलाचे अधिकारी असत आणि तिघांच्या विचाराने कारभार चाले, हेतू हा की एक जण फितूर झाला तरी त्याला गड परस्पर गनिमाच्या हवाली करता येऊ नये. शिवाय दाणागोट्याचा हिशेब राखण्यास कारखानीस असे. कुटुंबाला ही रचना इतकी चपखल बसते की, महाराजांनी ती गडांसाठी केली असली तरी करताना त्यांच्या डोळ्यांपुढे एखादे मराठी एकत्र कुटुंब असावे, असा संशय येतो. आमच्याकडे हवालदारी नाशिकच्या मेहुण्यांना दिली, कारण दुसऱ्या कोणत्याही पदावर ते आले नसते; कारखानिशी आमच्या कुटुंबाकडे वंशपरंपरेने चालत आलेलीच होती; सरनोबती अकरा वर्षांच्या चिरंजिवांनी हातात काठी घेऊन स्वतःच बळकावली; आणि सबनिशी, म्हणजे वहीत सर्व जिन्नस रुजू करणे व कोणी ऐकत नसताना सल्ला देणे, ही प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आली. मातोश्रींना मात्र कोणतेही पद देऊ नये. पद दिल्याने माणसाचा अधिकार मर्यादित होतो.

गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे असाव्यात, या जुन्या दंडकास अनुसरून डोंबिवलीच्या आमच्या बिऱ्हाडाची किल्लीही मेहुण्यांच्या हवाली करण्यात आली आणि तिची नोंद वहीत घेण्यात आली. कुलपाची जोडकिल्ली कोणा परक्याच्या हाती पडू नये, असाही ठराव त्याच बैठकीत एकमताने झाला. मातोश्री त्या वेळी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होत्या.

दुसरे कलम सामानाचे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले मोगलांस दिले आणि १२ स्वतःकडे राखले, हे शाळेत सर्वांनी घोकलेले असते. पण त्या विद्येचा उपयोग संसारात कोणी करीत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री दिवाणखान्यात जे नग जमा होतात त्यांची संख्या पस्तिसाच्या आसपास भरतेच, असा माझा अनुभव आहे. त्यांपैकी २३ घरी ठेवून १२ न्यावेत. तहाच्या वाटाघाटींत स्वतःच्या उशीपासून आरंभ करावा, म्हणजे प्रतिपक्षाला लोणच्याची बरणी सोडताना तितकासा अपमान वाटत नाही. हा तह चिरकाल टिकेल अशी अपेक्षा मात्र बाळगू नये. महाराजांनी दिलेले किल्ले पाच वर्षांनी परत घेण्यास आरंभ केला. आमच्या घरी बरणी पहाटे पाचच्या आत सतरंजीच्या वळकटीतून मुलखात दाखल झालेली असते.

तिसरे कलम पाण्याचे, आणि येथे विनोदाला जागा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी आधी पाणी पाहावे असे बजावले आहे. इतकेच नव्हे, तर गडावर झरा असला तरी त्यावर विसंबू नये, टाकी खोदावीत, कारण लढाई जुंपली म्हणजे तोफांच्या आवाजाने झरे क्षीण होतात, असा सूक्ष्म इशाराही दिला आहे. भूगर्भशास्त्र याविषयी काय म्हणते ते मी पाहिलेले नाही. मात्र कुटुंबात आवाज चढला की पाणी झपाट्याने संपते, हे मी तीन गडांवर ताडून पाहिले आहे. माणशी तीन लिटर पाणी प्रत्येकाने स्वतःच्या पाठीवर वाहावे. सगळ्यांचे पाणी एकाच्या पाठीवर देऊ नये, कारण तो नेमका पुढे निघून जातो. चढाई थंडीत करावी, उजाडता उजाडता पायथा सोडावा, आणि दुपारचे दोन वाजले की शिखर हाताच्या अंतरावर असले तरी मागे फिरण्याची हिंमत ठेवावी. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ वडीलधाऱ्यांचा मान राखीत नाही.

आता स्थळांकडे वळू. कुटुंबाची प्रकृती पाहून गड निवडावा, गडाची कीर्ती पाहून नव्हे. नवख्यांनी रायगडापासून आरंभ करावा, कारण तेथे १९९६ पासून रज्जुमार्ग चालू असल्याने चौदाशेहून अधिक पायऱ्यांविषयी ज्यांचे मतभेद असतील त्यांना पाळण्यात बसवून वर धाडता येते आणि वर गेल्यावर दोन्ही पक्ष एकमेकांची कीव करू शकतात. हिरकणीच्या बुरुजापाशी गोष्ट सांगण्याचा मोह सर्वच पालकांना होतो. सांजावताच दरवाजे बंद झाले, किल्लेदाराने नियम मोडण्यास नकार दिला, आणि दूध विकायला आलेली ती बाई घरच्या तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेली. आमच्या कन्येने ही कथा ऐकून, त्या गडावर इतके अधिकारी असताना एकालाही जादा किल्ली ठेवण्याचे कसे सुचले नाही, अशी पृच्छा केली होती. मेहुण्यांनी तिला शिस्तीचे महत्त्व समजावून सांगितले.

राजगडास दोन वाटांनी जाता येते. पाली दरवाजाची वाट रुंद, पायऱ्यांची आणि राजमार्गाच्या इतमामाची आहे. गुंजवण्याहून चढणारी वाट शेवटी कातळाला लगटून लोखंडी कठड्यांच्या आधाराने एका चोरदरवाजापाशी येते आणि त्यातून वाकून शिरले की समोर एकदम पद्मावती तलाव पसरलेला दिसतो. कुटुंब दोन गटांत विभागून दोन्ही वाटांनी वर न्यावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. त्यात श्रमाची बचत मुळीच नाही. परंतु माचीवर भेट होते तेव्हा प्रत्येक गटाला आपलीच वाट अस्सल असल्याचे सिद्ध करण्यात जो आवेश चढतो, त्या भरात बालेकिल्ल्याचा उभा चढ कधी संपला हे कळत नाही. सुवेळा माचीवरील नेढे, म्हणजे कड्याला आरपार पडलेले भोक, लांबून दाखवून समाधान मानावे. दाखवले नाही तर मुले आपण होऊन तेथे जातात.

हरिहर कुटुंबासाठी वर्ज्य समजावा. त्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत. हात घालण्यास त्यांत खोबण्या आहेत खऱ्या, परंतु खालून कोणी काही विचारले असता मान वळवून उत्तर देण्याची सोय नाही, आणि ज्या दांपत्याला पंधरा मिनिटे प्रश्नोत्तरांवाचून काढण्याचा सराव नाही त्याने त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेऊन परतावे. हरिश्चंद्रगडाची शिफारस मात्र मी निःशंक करतो, अर्थात पाचनईच्या सोप्या वाटेने. नळीच्या वाटेचे नावही मेहुण्यांच्या कानी पडू देऊ नये. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या थंडगार पाण्यात शिवलिंग आहे आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरला आहे. कोकणकड्याच्या काठाशी पालथे पडूनच खाली पाहावे. दरीत धुके दाटलेले आणि सूर्य पाठीशी असला तर तेथे इंद्रवज्र दिसते. कर्नल साईक्स नामक साहेबाने ते पाहिले होते. या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचा विशेष असा की ते ज्याचे त्याला केवळ स्वतःच्याच मस्तकाच्या सावलीभोवती दिसते. कौटुंबिक सलोख्यास याहून पोषक नैसर्गिक चमत्कार माझ्या माहितीत नाही.

सिंधुदुर्गाविषयी एवढेच की, मालवणहून होडीत बसताना मेहुण्यांना मधोमध बसवावे.

आणि आता कळसूबाई, जिच्यामुळे हा जाबता लिहिण्याची वेळ आली. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही, म्हणून आमच्या हवालदारांनी दुसऱ्या कोणत्याही डोंगराचा विचार करण्याचे नाकारले. बारी गावातून वाट चढते, मध्ये मध्ये लोखंडी शिड्या आहेत, आणि रविवारी त्या शिड्यांशी जी दाटी होते ती पाहून दादरच्या जिन्याची आठवण येऊन चाकरमान्याला परकेपणा वाटत नाही. हजारो रुपयांचे बूट, गुडघ्यांना पट्टे आणि हातात घडीच्या काठ्या अशी आमची फौज धापा टाकीत दुसऱ्या शिडीपाशी पोहोचली तेव्हा बारीची एक बाई, डोक्यावर ताकाची कळशी, कडेवर लिंबांची पिशवी आणि पायांत साध्या स्लीपर अशा थाटात आम्हांस ओलांडून गेली, आणि वरच्या टप्प्यावर तिनेच आम्हांला ताक विकले. त्या ताकाचे पैसे मी वहीत ‘दंड’ या सदराखाली घातले आहेत.

मातोश्रींनी पहिल्या चढावरच एका झापाच्या सावलीत बैठक मारली आणि तेथल्या म्हातारीशी नाचणीच्या भाकरीपासून सुनांपर्यंत सर्व विषयांचा परामर्श घेतला. कळसूबाईची दंतकथा आम्हांला त्यांच्याकडूनच कळली. कळसू पाटलाच्या घरी कामाला राहिली ती केरवारा आणि भांडी करणार नाही या करारावर; पुढे तीच कामे तिच्या माथी मारण्यात आली, तेव्हा ती उठली आणि डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. ही कथा उतरतीच्या वेळी सांगितली गेली हे आमचे भाग्य. चढताना कळली असती तर कारखानीस शिखरावरून खाली आल्या असत्या याची हमी मी देत नाही. त्या दिवशीचे डबे चिरंजिवांनी आणि मी घासले.

शिखरावरचे छोटे देऊळ, समोर अलंग, मदन आणि कुलंग यांचे तीन अजस्र कातळ, पलीकडे भंडारदऱ्याचे चकाकणारे पाणी: यांचे वर्णन करण्याचा माझा विचार होता, परंतु तेथे उभा असताना माझा सर्व वेळ हवालदार आणि सरनोबत यांच्यात समूहचित्रात मध्यभागी कोणी उभे राहावे यावरून उद्भवलेला कज्जा मिटवण्यात गेला.

परतीचे कलम शेवटी येते आणि तेच सर्वांत निष्काळजीपणे पाळले जाते. घोटीला आमच्या वाटा फुटल्या. मेहुणे नाशिकच्या एसटीत बसले. आम्ही जीपने कसाऱ्याला आणि तेथून लोकलने डोंबिवलीला. निरोप घेताना सबनीस या नात्याने मी वही उघडून सर्व नगांची मोजदाद केली होती. डबे सात, सतरंज्या दोन, बरणी एक. रात्री सव्वाअकराला तिसऱ्या मजल्यावर कुलपासमोर उभे राहून तीच वही पुन्हा उघडली तेव्हा तिच्यात ‘घरची किल्ली, नग एक, हवालदारांकडे रुजू’ असे माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेले आढळले. वहीत कोठेही चूक नव्हती. गडाला एकच दरवाजा असणे ही मोठी खोड आहे, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या राखाव्यात, असेही आज्ञापत्रात सांगितले आहे, याची आठवण मला त्या घटकेला झाली आणि ती मी सर्वांना, जिन्यात बसल्या बसल्या, सांगितलीही.

मातोश्री काही न बोलता उठल्या आणि त्यांनी शेजारची कडी वाजवली. शेजारच्या वहिनी डोळे चोळीत बाहेर आल्या, आमच्याकडे एकदा पाहिले, आत गेल्या, आणि त्यांनी देवघराच्या खणातून एक किल्ली आणून मातोश्रींच्या हातावर ठेवली.

“गेल्या दिवाळीपासून इथंच आहे,” मातोश्री म्हणाल्या. “तुम्ही कुणी विचारलं नाहीत.”

ती किल्ली वहीत कोणाच्या नावे रुजू करावी, हा पेच उभा राहिला. पुढील रविवारी मेहुणे मुद्दाम नाशिकहून आले आणि तिन्ही अधिकाऱ्यांची रीतसर बैठक भरली. मातोश्री आत शेंगदाणे भाजत होत्या.